फक्कीची रेघ आणि पक्की भिंत

वारणा खोऱ्यात १९९८ साली संगणक आले. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरात, सुमारे सत्तर गावांच्या टापूत, ५४ संगणक केंद्रं उघडली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांचा हा एकत्रित प्रकल्प होता. पिकांची माहिती, बाजारभाव, शिक्षण, सरकारी योजना हे सगळं शेतकऱ्याला गावातच मिळावं, अशी त्यामागची इच्छा होती. पुण्या-मुंबईच्या घरांतही इंटरनेट पुरतं रुजलेलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

काही वर्षांनी बंगळूरच्या ‘मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया’ या संस्थेतले राजेश वीरराघवन, केंटारो तोयामा आणि त्यांचे सहकारी या केंद्रांचा अभ्यास करायला आले. तिथे प्रत्यक्षात काय चालतं, हे त्यांनी पाहिलं. शेतकरी येत होते, पण उसापुरते. आपला ऊस किती टन भरला, खताची उचल किती झाली, तोडीचा परवाना निघाला का, असे त्यांचे प्रश्न असत. केंद्रचालक कारखान्याकडून आलेली माहिती संगणकावर काढे आणि शेतकऱ्याच्या हाती देई. बाकीच्या ज्या मोठ्या कामांसाठी यंत्रणा उभी केली होती, ती जवळजवळ होतच नव्हती. वीज, दुरुस्ती, जुना होत चाललेला संगणक, हे सगळं सांभाळायचं ते चार आकड्यांसाठी.

चार आकडे तर साध्या मोबाइलवरही मावतात. संशोधकांनी मग कारखान्याच्या बाजूच्या संगणकाला एक मोबाइल जोडला. गावातून ठरावीक नमुन्यातला एसएमएस आला की संगणक नोंदींमधून उत्तर शोधायचा आणि उलट एसएमएस धाडायचा. सात गावांत आठ महिने ही चाचणी चालली. संगणक केंद्र जे जे करत होतं ते सगळं एसएमएसवर झालं. खर्च कमी झाला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांना नवी पद्धत जास्त आवडली. ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला.

आता समजा, संशोधकांनी केंद्राच्या दारात उभं राहून नुसतं विचारलं असतं, ‘तुम्हाला संगणकावर काय काय हवंय?’ शेतकऱ्याने हवामान सांगितलं असतं, बाजारभाव सांगितला असता, मुलांच्या शिक्षणाचं सांगितलं असतं. त्यातलं काहीच खोटं नसतं. माणसाला खरोखरच पुष्कळ काही हवं असतं. पण रोज चार पावलं चालून तो कशासाठी येतो, हे विचारून कळत नाही. ते बघावं लागतं. डिजिटल साधनं घडवणाऱ्यांच्या जगात या बघण्याला ‘यूजर रिसर्च’ म्हणतात. मराठीत वापरकर्त्याचा अभ्यास म्हणता येईल. जे साधन बनवायचं आहे ते ज्याच्या हाती जाणार, त्याच्या कामाच्या जागी जाऊन, तो आज ते काम कसं निभावतो हे निमूटपणे पाहायचं. कुठल्या कागदावर तो खूण करून ठेवतो, कुठला नंबर त्याने भिंतीवर खडूने लिहिलाय, कुठलं काम तो शेजाऱ्याच्या पोराकडून करून घेतो, हे टिपायचं.

या बघण्याचा जोडीदार म्हणजे कच्चा नमुना, प्रोटोटाइप. ही गोष्ट आपल्याला परकी नाही. घराचा पाया खणण्याआधी गवंडी मोकळ्या जागेवर फक्कीने आखणी करतो. इथे माजघर, इथे स्वयंपाकघर, इथे जिना. मग घरातली बाई त्या पांढऱ्या रेघांच्या आत उभी राहते, ओटा कुठे येईल तिकडे हात करते आणि सांगते, ‘इथे दोघी उभ्या राहिलो तर वळताच येणार नाही.’ फक्की पायाने पुसली जाते, रेघ दोन फूट सरकते. खर्च काही नाही. हीच गोष्ट भिंत उभी राहिल्यावर कळली, तर एक तर भिंत फोडायची, नाही तर जन्मभर अंग चोरून वळायचं. आज असंख्य अर्ज, ॲप आणि संकेतस्थळांमध्ये लोक अंग चोरून वळत आहेत, कारण तिथे फक्की कुणी मारलीच नव्हती.

फक्की मारण्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण चाळीस वर्षांपूर्वीचं आहे.

१९८४ साली लॉस एंजलिसला ऑलिम्पिक भरलं. हजारो खेळाडू, पंच आणि अधिकारी क्रीडाग्रामांत राहणार होते. मोबाइल नव्हता. घरची माणसं दुसऱ्या खंडात, घड्याळं उलटी, आणि खेळाडू दिवसभर सरावाला बाहेर. त्यांना निरोप मिळावा कसा? आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या यॉर्कटाउन हाइट्स इथल्या प्रयोगशाळेने त्यासाठी एक यंत्रणा बनवायचं ठरवलं. घरच्यांनी फोनवर निरोप बोलून ठेवायचा आणि खेळाडूने क्रीडाग्रामातल्या यंत्रावरून तो त्यांच्याच आवाजात ऐकायचा. आज व्हॉइस मेसेज पोरंसोरं पाठवतात, पण त्या वेळी बहुतेकांनी असं काही ऐकलेलंही नव्हतं. शिवाय वापरणारे जगभरातले, भाषा निरनिराळ्या, शिकवणीला वेळ नाही, आणि उद्‌घाटनाची तारीख एक दिवसही पुढे ढकलता येणार नाही.

जॉन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी प्रोग्रॅम लिहिला नाही. त्यांनी संवाद लिहिले, नाटकाच्या संहितेसारखे. आयर्लंडमधला एक बाप मुलासाठी निरोप ठेवतोय. तो लॉस एंजलिसमधल्या आयरिश ऑलिम्पिक समितीच्या कचेरीत फोन करतो. तिथला माणूस मुलाचं नाव विचारतो, अक्षरं नीट सांगायला लावतो, थोडं थांबायला सांगतो आणि फोन यंत्रणेला जोडून देतो. बाप बोलतो, फोन ठेवतो, निरोप पोचतो. मध्ये माणूस कशाला ठेवला? कारण तेव्हा जगातल्या बहुतेक घरांत गोल चकती फिरवायचे फोन होते. ‘अमुक बटण दाबा’ ही सूचना त्या बापाच्या काही कामाची नव्हती. यंत्रणेचा विचार यंत्रापासून सुरू केला असता तर हा चकतीचा फोन कुणाच्या ध्यानात आला असता की नाही, शंकाच आहे. विचार बापापासून सुरू झाला म्हणून तो पहिल्याच पानावर दिसला.

हे संवाद कागदावर छापून पुष्कळांना वाचायला दिले. आक्षेप आले, ओळी खोडल्या, पुन्हा लिहिल्या. वापरणाऱ्यांच्या हाती द्यायच्या छोट्या सूचनापत्रिकाही यंत्रणा तयार होण्याआधीच लिहायला घेतल्या. साधन साध्या शब्दांत समजावून सांगता येत नसेल तर दोष साधनात आहे, हे त्यातून लवकर कळायचं.

पुढची पायरी आणखी मजेची. खेळाडू ज्या यंत्रासमोर उभे राहणार होते, त्याचा एक पोकळ नळकांड्यासारखा सांगाडा त्यांनी प्रयोगशाळेच्या येण्याजाण्याच्या वाटेवर उभा केला. आत काही नाही, बाहेरून चित्रं चिकटवलेली. येणारेजाणारे थांबत, बोट लावत, शेरे मारत. ‘हे अक्षर दिसत नाही.’ ‘इथे काय दाबायचं?’ दर वेळी चित्र काढून नवं चिकटवलं की काम भागायचं. घानाच्या संघातून ऑलिम्पिक खेळलेला एक माजी खेळाडू सल्लागार म्हणून सोबत होता. परक्या देशातल्या क्रीडाग्रामात दिवस कसा जातो, हे त्याला ठाऊक होतं. यंत्रणा चालू लागल्यावर संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बोलावून सांगण्यात आलं, ‘ही मोडून दाखवा.’ आणि मुख्य स्पर्धेआधी लॉस एंजलिसलाच झालेल्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ती खऱ्या परदेशी खेळाडूंपुढे ठेवली. प्रयोगशाळेत दिसल्या नव्हत्या अशा कितीतरी अडचणी तिथे उघड झाल्या.

क्रीडाग्रामं सुरू होती त्या चार आठवड्यांत ही यंत्रणा १२ भाषांत चालली आणि ४०,००० हून अधिक वेळा वापरली गेली. अहोरात्र, सरासरी दर मिनिटाला एकदा. गूल्ड यांनी क्लेटन लुइस यांच्याबरोबर १९८५ साली एक निबंध प्रसिद्ध केला होता. त्यात तीन गोष्टी सांगितल्या आहेत: पहिल्या दिवसापासून वापरणाऱ्याकडे लक्ष द्या; त्याला प्रत्यक्ष काम करताना पाहून मोजमाप घ्या; आणि चुका दिसतील तसं पुन्हा पुन्हा बदला. हे तर सगळ्यांना माहीतच आहे, असं तंत्रज्ञ म्हणायचे. म्हणून या दोघांनी शेकडो तंत्रज्ञांना विचारून पाहिलं की एखादी नवी यंत्रणा घडवताना तुम्ही कोणत्या पायऱ्या घ्याल? तिन्ही गोष्टी आपणहून लिहिणारे थोडेच निघाले. त्याला आता चाळीस वर्षं झाली. तरी तीच यादी आजही नव्याने सांगावी लागते.

कच्चा नमुना किती कच्चा असावा, याला मर्यादा नाही. जेफ हॉकिन्स यांनी ‘पामपायलट’ हे खिशात मावणारं यंत्र बनवण्याआधी त्याच्या आकाराचा लाकडी ठोकळा कापून घेतला आणि तो खिशात घालून फिरू लागले. बैठकीत कुणी वेळ मागितली की ठोकळा काढायचा आणि चॉपस्टिकच्या तुकड्याने त्यावर लिहिल्यासारखं करायचं. खिशात टोचतो का, दिवसातून किती वेळा काढावासा वाटतो, काय पाहण्यासाठी, हे सगळं त्या निर्जीव लाकडाने सांगितलं. १९९६ साली बाजारात आलेलं खरं यंत्र जोरात खपलं. आयबीएममध्ये त्याच्याही आधी, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, बोललेलं टाइप करणाऱ्या यंत्राचा अभ्यास झाला होता. असं यंत्र तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. मग माणसाला माइकपुढे बसवलं आणि दुसऱ्या खोलीत एक सराईत टंकलेखक बसवला. तो ऐकून टाइप करी, अक्षरं पहिल्या माणसाच्या पडद्यावर उमटत. यंत्र नसतानाच कळून आलं की ते असतं तर लोकांनी पत्रं कशी सांगितली असती.

वापरणाऱ्याचा अभ्यास करताना एक वाक्य सतत कानावर येतं: ‘माझंच काहीतरी चुकलं.’ बँकेच्या यंत्रासमोर, मुलाच्या प्रवेशाच्या अर्जापुढे, रेल्वेच्या आरक्षणात, अडलेला माणूस पहिल्यांदा स्वतःला दोष देतो. ‘आम्ही जुनी माणसं’, ‘मला कुठे इंग्रजी येतं’ असं म्हणून मागे सरतो. या वाक्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे विमानांनी फार पूर्वी शिकवलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यानंतर अचानक चाकंच आत ओढून घेत आणि विमान पोटावर आपटे. वैमानिकाची चूक, असा शेरा बसायचा. १९४३च्या सुमारास अल्फोन्स चपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं. चाकांची कळ आणि पंखांच्या झडपांची कळ शेजारी शेजारी होत्या आणि दिसायला सारख्या. त्याने चाकांच्या कळीवर रबराचं छोटं चाक बसवलं, झडपांच्या कळीवर पाचरीसारखा तुकडा. अंधारातही हाताला फरक कळू लागला आणि ते अपघात थांबले. चाकाच्या आकाराची ती मूठ आजही विमानांत असते.

चाळीस वर्षांनी झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात ल्युसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी हेच वेगळ्या तऱ्हेने दाखवलं. कंपनीचं नवं कॉपी-यंत्र किचकट आहे अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती. सचमन यांनी यंत्रासमोर माणसं उभी केली आणि कॅमेरा लावला. त्यातल्या एका चित्रफितीत दोन माणसं पाठपोट कॉपी काढण्यासाठी झगडताना दिसतात. एक आहेत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शास्त्राचे आद्य प्रवर्तक ॲलन न्यूएल, दुसरे संगणकीय भाषाशास्त्रातले नावाजलेले रॉन कॅप्लन. या दोघांना जे जमलं नाही त्याबद्दल कचेरीतल्या कारकुनाला अडाणी म्हणण्याचा हक्क कुणालाच उरत नाही.

कधी चूक एका शब्दाएवढी असते. ॲपलच्या ‘लिसा’ या संगणकावर काम पक्कं करण्याच्या बटणावर आधी ‘डू इट’ असं लिहिलेलं होतं. लॅरी टेस्लर यांच्या चाचण्यांत काही जण त्या बटणापाशी अडखळत. एक जण तर चिडलाच. विचारल्यावर उलगडा झाला. त्या अक्षरवळणात दोन शब्दांमधलं अंतर कमी पडत होतं आणि इंग्रजी मोठा ‘आय’ हा ‘एल’सारखा दिसत होता. त्याला ते ‘डोल्ट’ वाचता येत होतं, म्हणजे मठ्ठ. संगणक आपल्याला मठ्ठ का म्हणतोय, हे त्याला कळेना. बटणावर ‘ओके’ आलं. लिहिणाऱ्याला आपलं अक्षर नेहमी स्पष्टच दिसतं. ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचण्याचा हा एकच मार्ग आहे.

कधी मात्र एवढ्याशा दुरुस्तीवर भागत नाही, सगळं साधनच आपलं काम बदलून बसतं. केनियात २००५ साली मोबाइलवरून कर्जाचे हप्ते फेडण्याचा एक प्रयोग सुरू झाला. छोटी कर्जं देणारी ‘फाउलू केनिया’ ही संस्था, ‘सफारीकॉम’ ही मोबाइल कंपनी आणि सुमारे पाचशे ग्राहक. निक ह्यूज आणि सूझी लोनी हे ‘व्होडाफोन’चे दोघे ते काम पाहत होते. लोक त्या पैशांचं काय करतात, यावर त्यांची नजर होती. काही जण प्रवासाला निघण्याआधी पैसे फोनवर भरत आणि पोचल्यावर काढून घेत, म्हणजे वाटेत खिसा रिकामा. काही जण दुसऱ्याचा हप्ता भरत. काही जण सरळ एकमेकांना पैसे पाठवू लागले होते. हप्त्यांची योजना बाजूला पडली. मार्च २००७ मध्ये ‘एम-पेसा’ देशभर सुरू झालं ते ‘घरी पैसे पाठवा’ या एका सांगण्यावर. गावाकडे मनिऑर्डर धाडणाऱ्या गिरणगावाला ही गरज समजावून सांगावी लागली नसती.

महाराष्ट्रात या विद्येचं एक घर आहे: पवईच्या आयआयटी मुंबईतलं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र. देशातला प्रत्येक मतदार ज्या यंत्राचं बटण दाबतो, त्या मतदान यंत्राची रचना इथल्या प्राध्यापकांनी केली. त्या यंत्रात एक शहाणपण आहे. उमेदवारांची नावं आणि चिन्हं छापलेला कागद यंत्रावरही तसाच राहिला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून लोकांना चिन्हं ओळखीची होती. त्या कागदाशेजारी निळं बटण आलं, दाबलं की लाल दिवा आणि लांब शिट्टीसारखा आवाज. वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही आपलं मत नोंदलं गेल्याचं डोळ्यांना आणि कानांना कळतं. नव्यातलं नवं तेवढंच ठेवायचं, बाकी ओळखीचं राहू द्यायचं, हे कळायला मतदार माहीत असावा लागतो.

याच आयडीसीत प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या गटाने मराठी माणसाच्या रोजच्या एका अडचणीला हात घातला. ‘कर्तृत्व’ किंवा ‘आर्द्र’ हे शब्द फोनवर टाइप करायचे कसे? टंकलेखन शिकलेल्यांची गोष्ट वेगळी. संगणकासाठी १९८६ साली इनस्क्रिप्ट ही शास्त्रशुद्ध मांडणीही आली होती, पण तीही बसून शिकावी लागते. परिणामी लाखो मराठी माणसं मराठी बोलणं रोमन अक्षरांत टाइप करत राहिली. कुठलीही मांडणी न शिकलेल्या माणसाला काय येतं? त्याला मुळाक्षरं येतात. क ख ग घ ङ हा क्रम पहिलीतल्या पोराच्या जिभेवर असतो. ‘कीलेख’ या आधीच्या कळफलकात आणि मग २०१३ साली आलेल्या ‘स्वरचक्र’मध्ये अक्षरं त्याच क्रमाने मांडली. ‘स्वरचक्र’मध्ये ‘क’वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उमलतं. बोट त्या बाजूला सरकवायचं. सुटी मात्रा शोधायची नाही, तयार अक्षरच डोळ्यांपुढे. असे वेगवेगळे आराखडे करून ते नवख्या लोकांकडून टाइप करवून तपासण्यात या गटाची वर्षं गेली आहेत.

बंगळूरमध्ये संशोधक इंद्राणी मेढी यांनी तर वाचताच न येणाऱ्यांसाठी पडदे बनवले. घरकाम करणाऱ्या बायकांना संगणकावरून काम शोधता यावं, असा तो प्रयत्न होता. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली एक बारीक गोष्ट विसरता येत नाही. भांडी घासण्याच्या कामासाठी भांड्यांचं चित्र काढलं तर बायकांना ती नुसती भांडी दिसत. नळातून पाणी पडताना दाखवलं, तेव्हा ते काम झालं. पुढे असंही दिसलं की चित्रं कळली तरी हे यंत्र आपल्याला काम कसं मिळवून देणार, हेच त्यांना उमगत नव्हतं. मग ती सगळी गोष्ट नाटुकल्यासारख्या व्हिडिओतून आधी दाखवावी लागली. घासणारीलाच विचारल्याशिवाय घासण्याचं चित्र काढता येत नाही, हे कुठल्याही कार्यालयात बसून कळलं नसतं.

पण विचारायचं कसं, हीही एक कला आहे. आपल्याकडे पाहुण्याने आणलेल्या वस्तूला नावं ठेवत नाहीत. ‘कसं वाटलं?’ म्हटलं की ‘छान आहे’ हेच उत्तर येतं, आणि साहेबांसोबत आलेल्या मुलाने विचारलं तर ‘फारच छान’. म्हणून जाणकार मत विचारत नाहीत, काम देतात. ‘या महिन्याचं वीजबिल भरून दाखवा, आणि मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा.’ मोठ्याने विचार करायला लावण्याची ही पद्धत क्लेटन लुइस यांनीच १९८२च्या सुमारास रूढ केली. पाहणाऱ्याने तेव्हा तोंड मिटून बसायचं असतं. समोरची बाई चुकीचं बटण दाबतेय हे दिसतं, जीव कासावीस होतो, ‘तिथे नाही, वर बघा’ हे शब्द ओठांवर येतात. ते गिळायचे. उद्या ती घरी एकटी असताना ‘वर बघा’ म्हणणारं कुणी नसणार.

किती माणसं बघावी? याकोब निल्सेन आणि टॉम लॅन्डॉअर यांनी १९९३ साली अनेक चाचण्यांवरून गणित मांडलं, आणि निल्सेन यांनी पुढे ते सोपं करून सांगितलं: पाच माणसांत सरासरी ८५ टक्के अडचणी सापडतात. पंधरा माणसांची एक मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाचांच्या तीन घ्या आणि मधल्या काळात दुरुस्त्या करा, असा त्यांचा सल्ला आहे. वेळेची आणि पैशाची सबब सांगणाऱ्यांसाठी हे उत्तर चोख आहे. मात्र आपल्या देशात ते जपून वापरायला हवं. पाचही जण त्याच कचेरीतले, त्याच वयाचे, इंग्रजी वाचणारे असतील तर पाच काय, पन्नास घेऊनही गडचिरोली दिसणार नाही.

२०२१च्या मे महिन्यात हे सगळ्या देशाने अनुभवलं. १८ ते ४४ वयाच्या लोकांना करोनाच्या लशीसाठी ‘कोविन’वर नोंदणी करूनच वेळ घ्यावी लागत होती, आणि ते संकेतस्थळ इंग्रजीत होतं. ज्यांच्याकडे फोन, वेगवान इंटरनेट आणि इंग्रजी होतं त्यांनी वेळा मिळवल्या. ही दरी सर्वोच्च न्यायालयातही चर्चेला आली. मे महिन्याच्या शेवटी सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा मिळाली, जूनमध्ये मराठीसह इतर भारतीय भाषा आल्या. एवढ्या मोठ्या प्रमाणावर एवढ्या घाईत यंत्रणा उभी करणं सोपं नव्हतं, हे मान्यच करायला हवं. तरीही भाषेची गरज लस आल्यावर उद्भवली नव्हती. ती आधीपासून दारातच उभी होती.

हे मोठ्या कंपन्यांचं आणि सरकारांचंच काम आहे, असं वाचकांनी समजू नये. आज गावची पतसंस्था ॲप करून घेते, शाळा फी भरण्यासाठी संकेतस्थळ बनवते, गृहनिर्माण सोसायटी, दूध संघ, ग्रंथालय, देवस्थान, सगळेच कुणाला तरी असं काम देत असतात. तुम्ही अशा एखाद्या संस्थेच्या समितीवर असाल, तर करारात एक कलम घालून घ्या: पहिला हप्ता देण्याआधी प्रत्येक पडदा कागदावर काढून, जे लोक तो रोज वापरणार आहेत त्यांतल्या पाच जणांसमोर ठेवला जाईल, आणि त्यांत किमान एक जण साठीच्या पुढचा व एक जण इंग्रजी न वाचणारा असेल. त्या दिवशी तुम्हीही तिथे बसा. पेन्सिल आणि खोडरबर एवढंच सामान लागेल, आणि एक दुपार.